बंदुकीच्या कपाटाची जागा

१४ जुलै १९७४
परवान्याच्या नूतनीकरणासाठी तासगावला. फौजदार नवीन. बंदूक घरात कुठे ठेवता, विचारले. सोप्यात, खुंटीवर, म्हणालो. वडिलांच्या वेळेपासून ती तिथेच असते. "खुंटीवर टोपी ठेवा, पाहुणे. बंदूक कुलपात पाहिजे." ठाण्यातले सगळे हसले. मीही हसलो.
येताना एसटीत उभाच. भुईमुगाला पाऊस बरा आहे. डुकरांनी वरचा बांध उकरला.

१६ जुलै
आज शंकरची बायको माझ्याशी बोलली. धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आल्यापासून माझ्यासमोर तिचा पदर कधी ढळला नाही, की थेट एक शब्द आला नाही. सांगायचे ते सौ.मार्फत. आज मी गोठ्यात एकटा असताना दाराआड येऊन उभी राहिली.
"दादा, बंदूक हलवा."
मी वळलो.
"काल तिन्हीसांजंला हे मांडीवर घिऊन बसलं हुतं. म्या म्हनलं, पुसत्यात. तर हातातली चिंधी कोरडी. तेलाची बाटली फळीवरनं काढलीच न्हवती. नुसतं बसल्यालं." मग म्हणाली, "त्येंच्या हाताला लागंल अशी ठिवू नगासा. आन् त्येन्ला कळूबी दिऊ नगा."
आत गेली. वैरणीची पेंढी माझ्या हातात तशीच. बैल वाट बघत होता.

१७ जुलै
शं. पलटणीतून पेन्शनीवर आला त्याला दोन पावसाळे झाले. बंगालच्या लढाईत होता. तिथले काही सांगत नाही, आम्ही विचारत नाही. सोप्यातल्या खाटेवर बसतो. रानात चल म्हटले तर येतो, पण बांधावर बसतो. आपण होऊन एकच काम करतो, बंदूक साफ करण्याचे. ती काढून घेतली तर त्याला काय सांगायचे? तुझा भरवसा नाही म्हणून?
ठाण्यात जमा करावी, तर संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा होईल आणि कोणीतरी त्यालाच विचारील.
पूजेत आज मन लागले नाही. चंदन उगाळता उगाळता पुष्कळ झाले, वाटीत ठेवून दिले.

२३ जुलै
शं.ला मिरजेला नेले. पोटाचे दाखवायचे असे सांगून. डॉक्टर भले. त्याला बाहेर बसवून मला म्हणाले, औषध वेळेवर द्या, माणसांत ठेवा, एकटे सोडू नका. घरात हत्यार आहे का, तेही विचारले. आहे म्हणालो. त्यांनी लिहिणे थांबवून माझ्याकडे पाहिले.
परत येताना शं. म्हणाला, "पोटाला हात न लावता पोटाची गोळी दिली. लय हुशार डॉक्टर."

२ ऑगस्ट
फौजदारांचा तो विनोद मनात होता. आज त्यातूनच वाट निघाली. सांगलीला हळदीच्या कामाने गेलो होतो, तिथे इब्राहीम मिस्त्रींकडे गेलो. तिजोऱ्या करतात. बंदुकीचे उभे कपाट करा म्हणालो. "भिंत कसली हाय?" मी म्हणालो, घरची. "घरचीच असणार, दादा. दगडाची का मातीची?" मग म्हणाले, "कपाट करतो. पर जागा बघायला येतो. जागा चुकली तर कपाट म्हंजी नुसता पत्रा."
सरकारी नियम म्हणून कुलपात ठेवतो आहोत. हे खोटे नाही. पुरते खरेही नाही.

७ ऑगस्ट
शं.ला सांगितले. वाटले होते, भिंतीकडे तोंड करून पडेल. उलट उठून बसला.
"पत्रा किती जाड? बिजागऱ्या आतनं का भायरनं?"
बघितले नाही, म्हणालो.
"दादा, म्हस घेताना तू दात मोजतोस. आन् कपाट न बघता सांगून आलास व्हय?"
किती दिवसांनी त्याने माझी थट्टा केली. सौ. चुलीपुढून ऐकत होती. मला चहा आला तो नुसता पाक.

९ ऑगस्ट
शं. घरभर भिंती वाजवत हिंडतो आहे. पलटणीत हत्यारांच्या खोलीला कोत म्हणतात म्हणे. कोत कशी असावी ते आम्हा सगळ्यांना सांगितले. कोरडी असावी. खिडकीजवळ नसावी. जाग्या माणसाच्या नजरेखाली असावी. काडतुसे त्याच कपाटात नसावीत.
"आणि चावी?" मी विचारले.
"चावी येकाच मानसाच्या अंगावर. खिळ्याला न्हाई, उशाखाली न्हाई. अंगावर."
हे म्हणताना माझ्याकडे बघत होता. की माझ्यामागच्या भिंतीकडे, सांगता येत नाही.
मग खाटेशेजारच्या भिंतीवर थाप मारली. "हितं बसवा. मी कुठं जातुया? रातध्याड राखन."
दाराआडून भांडे पडल्याचा आवाज झाला. शंकरची बायको ते उचलायला लवकर आली नाही.
मिस्त्री येऊ देत, मग बघू, म्हणालो.

१२ ऑगस्ट
इ. मिस्त्री आले. सोप्याच्या भिंतीला नख लावून माती काढून दाखवली. "हिला खिळा मारायचा तर आधी माफी मागावी लागंल. चोर कपाट कशाला फोडतोय? भिंतीसकट घिऊन जाईल." माजघर तसेच, कच्च्या विटांचे. कणग्यांच्या खोलीत उंदीर. गोठ्याला दगड आहे, पण गोठ्यात बंदूक कोण ठेवतो.
उरली देवघराची पाठभिंत. वडिलांनी घर बांधताना आधी तेवढी काळ्या दगडाची उचलली होती.
शं. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "तितं नगं."
"का रे?"
"तितं मी जात न्हाई. मग देखरेख कोन ठिवनार?"
"मी ठेवीन," मी म्हणालो.
इतके दिवस हिंडत होता, तो खाटेवर जाऊन बसला.

१३ ऑगस्ट
लिहून ठेवतो, म्हणजे मनात घोळणार नाही. शं. परत आल्यापासून देवघराच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही. दिवाळीला नाही, आईच्या श्राद्धालाही नाही. एकदा विचारले तेव्हा दोन्ही हात पुढे करून म्हणाला होता, "ह्या हातानं नगं." तेवढेच. तेव्हापासून रोज पूजेत मी एकच मागत आलो, की याला आत आण.
आणि काल मी त्याच उंबऱ्याचे कुलूप केले. तो आत येत नाही म्हणूनच ती जागा मला बरी वाटली.
सौ.ला पटलेले नाही. "देवाशेजारी बंदूक?" मी म्हणालो, खंडोबाच्या हातात तलवार आहेच. खंडेनवमीला हत्यारे देवापुढे मांडतो, ती वर्षभर राहिली. "तुमच्याजवळ सगळ्याला उत्तर असतंया," म्हणाली. तसे नाही. हेच एक होते.

१६ ऑगस्ट
अधिक महिना लागण्याआधी उरकायचे म्हणून घाई. मिस्त्री बैलगाडीतून कपाट घेऊन आले. आडावर हातपाय धुऊन उंबऱ्याशी थांबले. "आत येऊ न्हवं?" या, म्हणालो. सौ. म्हणाली, "देवाचं काय न्हाई, भाई. रांगुळीवर तेवढा पाय नका देऊ." ते रांगोळी ओलांडून असे गेले की जणू पाण्यातून चालले आहेत.
देवांचा कोनाडा आणि कपाट एकाच भिंतीत, मध्ये हातभर अंतर. हिरवा रंग. बंदुकीचा चामडी पट्टा सोडवून सोप्यातच ठेवला, चामडे आत नको. काडतुसे शेजारच्या तात्यांच्या तिजोरीत ठेवायला दिली.
चावी करगोट्याला बांधली. पोटाला गार लागते.
खुंटीखाली भिंतीवर बंदुकीएवढा पांढरा पट्टा राहिला आहे. शं.चे लक्ष त्याच्याकडे. उद्या सारवून घेतो.

२१ ऑगस्ट
अधिकातले दिवस. घर शांत. शंकरच्या बायकोने आज मला भाकरी स्वतः वाढली. बोलली नाही, पण दोनदा वाढली.
शं.चे भिंती वाजवणे संपले. परत खाट. औषध घेतो.

२९ ऑगस्ट
सकाळी पूजा करत होतो. मागे ओल्या पावलांचा आवाज. वळून पाहिले तर शं. आडावर अंघोळ करून, ओल्या धोतराने, उंबऱ्याच्या आत.
पाट द्यायचे मला सुचेना. तो जमिनीवरच बसला. मी आरती म्हटली, तो गप्प होता. तीर्थ दिले, घेतले. मी उठलो तरी तो बसून राहिला.
सौ.ने शेजारी साखर वाटली.

३० ऑगस्ट
आजही आला.

३१ ऑगस्ट
आजही. सौ. म्हणते, "अधिकाचं पुण्य. मागत हुता न्हवं? देवानं ऐकलं." मी हो म्हणालो.
ज्यासाठी इतके दिवस हात जोडले ते समोर घडते आहे आणि मी पूजा आटोपून त्याच्या मागे उभा राहतो. मागून त्याची पाठ दिसते. नजर कुठे आहे ते दिसत नाही. कोनाडा की कपाट, हातभराचा फरक. मानही वळावी लागत नाही.
चावी चाचपली. होती.

४ सप्टेंबर
तो आत असला की मी उंबऱ्याबाहेर सुपारी कातरत बसतो. रानात जायला उशीर होतो. गडी म्हणाला, "मालक, सुपारीचा धंदा काढलासा काय?"
पूजा होते, पण ती हातांची. मन पाठीमागे बसलेल्या माणसाकडे. वडील सांगत, देवापुढे बसलेल्या माणसाच्या वाटेत येऊ नये. मी वाटेतच बसलो आहे.

९ सप्टेंबर
आज शं. पहिल्यांदा देवघरात बोलला. खंडोबाचा चांदीचा टाक पुसत होतो, तो मागून म्हणाला, "घोड्याच्या पायापाशी ते कुत्रं हाय न्हवं?"
हो, म्हणालो.
"चांगलं हाय. कुत्र्यालाबी जागा दिल्या."
मी टाक परत कोनाड्यात ठेवला. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघे तिथे होतो. आज मी बाहेर आलो नाही.

२० सप्टेंबर
काल गणपती बसले. आरतीला शं. झांज वाजवत होता, ताल चुकवत. पोरे हसली, तोही हसला. शंकरची बायको सौ.ला म्हणाली, आता पुरी भाकरी खातात. माणदेशाकडची बाई, कमी बोलते. तिच्या तोंडून एवढे आले म्हणजे पुष्कळ.
मी हे सगळे बघतो आणि करगोट्याला हात जातो. माझीच मला शरम वाटते.

१७ ऑक्टोबर
काल घट बसले. देवघरात समई अखंड. घटाच्या मातीला दोन वेळा पाणी.
शं.ने सगळ्यांसमोर चावी मागितली. "खंडेनवमीला हत्यार काढायचं. पावसाळाभर तेल न्हाई. असं घानेरडं देवाम्होरं मांडायचं?"
खरे आहे. वडिलांच्या वेळी आधी साफसफाई होई, मग पूजा. मी म्हणालो, बघू.
"बघू म्हंजी?"
"अजून दिवस आहेत."
तो उठून रानात गेला. एकटाच. मागोमाग गड्याला पाठवले.

१९ ऑक्टोबर
शंकरची बायको पुन्हा गोठ्याच्या दाराशी. या वेळी दाराआड नव्हती, उंबऱ्यावर उभी होती.
"दादा, चावी द्या त्येन्ला."
"तूच म्हणाली होतीस ना…"
"म्हनलं हुतं. तवा न इचारता घितली हुती. आता मागितल्या." पदर नीट केला. "तुमी शेजारी बसा. पर द्या. न्हाई दिली तर त्येंनी काय समजायचं?"
तेच तर. नाही दिली तर तो काय समजेल, आणि दिली तर मी काय समजायचे, हे मला कळत नाही.

२४ ऑक्टोबर
खंडेनवमी. पहाटे अंघोळ करून दोघेही देवघरात. मी करगोट्याची गाठ सोडू लागलो. ओली झालेली, सुटेना. शं. म्हणाला, "थांब," आणि वाकून त्याने ती सोडवली. चावी त्याच्या हातात तशीच राहू दिली.
त्याने कपाट उघडले. बंदूक बाहेर काढली, पाठ भिंतीला टेकवून उजेडात धरली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, बंदुकीकडे नाही. त्याचे तोंड उतरले, पण मला भीती होती तसे नाही. घरातले जनावर आजारी पडल्यावर उतरते तसे.
"दादा, हे बघ."
नळीवर तांबूस ठिपके. खटक्याजवळ तर पापुद्रा. कपाटाच्या आत हात फिरवला, तर पाठीमागचा पत्रा ओला. दगड पाझरतो. पावसाळा, त्यात रोजचे अभिषेकाचे पाणी, आता घट.
"जागा चुकली," तो म्हणाला. "देवाच्या खोलीत पानी असतंया. लोखंड हितं जगत न्हाई."
मला कसे सुचले नाही? रोज त्याच भिंतीशी बसून पाणी घालणारा मी. कोरडी जागा पाहिजे, हे तर त्याने आधीच सांगितले होते. मी फक्त उंबरा बघितला.
त्याने दुपारपर्यंत तेल-चिंधीने पुसली. मी शेजारी बसलो. या वेळी चिंधी काळी झाली, दोनदा बदलली. मग विळे, कोयते, नांगराचा फाळ आणि ती, सगळ्यांना झेंडू. पूजा झाल्यावर बंदूक कपाटात, आणि चावी त्याने आपण होऊन माझ्या हातात दिली.

२६ ऑक्टोबर
काल दसरा. सोने वाटले. शं.ने मला वाकून नमस्कार केला, मी त्याला उठवून छातीशी धरले. आम्हा भावांत असे कधी झाले नव्हते.
आज इ. मिस्त्री आले. हात फिरवून म्हणाले, "मी भिंत किती धरती ते बघितलं. पाझरती का, ते इचारायचं राहिलं. चूक माझीबी हाय." कपाट काढतो, घासून परत रंग देतो, म्हणाले. सोप्यात शं.च्या खाटेजवळ दगडाचा खांब उचलून त्यात बसवता येईल. किंवा माझ्या खोलीत तसेच. कोरड्या जागा या दोनच.
"कुठं ते सांगा. तसा दगूड आनतो."
शं. तिथेच उभा होता. सांगतो म्हणालो.

२९ ऑक्टोबर
बंदूक दुरुस्तीला सांगलीच्या दुकानात. परवाना माझ्या नावाचा म्हणून मी, आणि बोलणे कळावे म्हणून शं. दुकानदाराने नळीत डोळा लावला. "ही बंदूक हाय का आडातली बादली? कुठं ठेवली होती?" मी खाली पाहिले. शं. म्हणाला, "आमच्यात देवाचं पानी लागलं तिला." दुकानदार हसला. आठ दिवसांनी या म्हणाला.
कपाटही मिस्त्रींनी काढून नेले. आज संध्याकाळी घरात ना बंदूक, ना कपाट. हलके वाटायला हवे होते.
एसटीत शेजारी बसलो होतो. माधवनगर गेल्यावर मी विचारले, "कपाट कुठं बसवू रे?"
तो बाहेर बघू लागला. द्राक्षांच्या छाटण्या चालल्या आहेत. मग म्हणाला, "कुलूप तुझं हाय. तूच ठरव." आणि थोड्या वेळाने, "दादा, तू सुपारी लय कातरायला लागलास. दात जातील."
म्हणजे त्याला ठाऊक होते. केव्हापासून, ते विचारण्याचे धैर्य झाले नाही.

३० ऑक्टोबर
सकाळ. देवघरातच लिहितो आहे. पूजेची तयारी झाली. समई लावली. पाठभिंतीत, कोनाड्याच्या शेजारी, चार भोके उरली आहेत, कपाटाच्या मापाची. त्यांच्यामध्ये दगड ओला. आता या भिंतीत देवांशिवाय काही नाही.
मिस्त्रींना निरोप द्यायचा आहे, खाटेजवळ की माझ्या खोलीत. मनाशी ठरवले आहे की आजची सकाळ बघून सांगायचे. शं. आज आत आला, तर इतके दिवस तो कोणापुढे बसत होता ते कळेल. नाही आला, तरी कळेल. आणि आता बसलो आहे तर वाटते, हे ठरवायचा मला काय अधिकार होता? एखादा दिवस माणूस दमतो. एखादा दिवस मीही पूजा चुकवली आहे.
आज एरवीपेक्षा उशीर झाला आहे. काल प्रवास होता. पाट दोन मांडले आहेत. आरती अजून म्हटलेली नाही.
आडावर रहाट वाजतो आहे. कोण आहे ते इथून दिसत नाही.